डब्यांचं शुद्धिपत्र

जुळाऱ्यांना नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. छापखान्यात एकेचाळीस वर्षं शिशाचे खिळे जुळवून ओळी तयार केल्या. एकेक खिळा म्हणजे एकेक अक्षर, तेही उलटं. खिळे जुळवणारा तो जुळारी. पुढे छापखाना बंद पडला, खिळे वितळवून कुठल्या कुठे गेले, पण नाव अंगाला चिकटलं ते चिकटलंच. शेजारीपाजारी जुळारीकाका म्हणत, घरात नुसतं बाबा.

बायको होती तोवर स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाण्यापलीकडे त्यांचा हात लागत नसे. ती गेली आणि सकाळच्या डब्यांचं घोंगडं भिजत पडलं. घरातून तिघं कामावर जात. मोठा, म्हणजे मुलगा, रंगाच्या दुकानात. सून रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत. आणि धाकटी, म्हणजे लेक, बस आगारात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर. कोणी लवकर उठायचं यावर आठवडाभर कुरबुर चालली. मग एका सकाळी तिघं उठायच्या आत तीन डबे भरून दाराजवळच्या खुंट्यांवर लटकत होते. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नाही. त्या दिवशीची भाजी करपली होती, तरी तिन्ही डबे घासूनपुसून रिकामे परत आले.

त्यालाही आता दोन वर्षं होत आली. जुळाऱ्यांचा हात बसला. डबे तिन्ही सारखे, स्टीलचे. पिशव्याही सारख्या, सुनेने जुन्या पडद्याच्या शिवलेल्या. ओळख फक्त जागेवरून. टेबलावर डावीकडे मोठ्याचा, मधे सुनेचा, उजवीकडे धाकटीचा; आणि त्याच क्रमाने खुंट्या. मोठ्याला रक्तदाब, डॉक्टरांनी मीठ तोडलेलं, म्हणून त्याची भाजी लहान पातेल्यात वेगळी. भरताना जुळारी मनातल्या मनात देवाचं नाव घेत. बायकोची सवय ती. वाढणाऱ्याच्या मनातलं खाणाऱ्याच्या पोटात जातं, असं ती म्हणायची.

पण गेल्या महिन्यात दोन चुका झाल्या. एकदा सुनेच्या पिशवीत घासलेला रिकामा डबा गेला. तिने चार जणींसमोर झाकण काढलं, आत स्वतःचंच तोंड दिसलं. ती हसली, तिच्या मैत्रिणी अजून हसतायत. दुसऱ्यांदा धाकटीला नुसताच भात गेला, भाजी पातेल्यातच राहिली. रविवारी मोठ्याने विषय काढला.

"बाबा, आता आराम करा. आम्ही तिघंही बाहेर जेवू."

"तुला अळणी कोण करून घालणार आहे तिथे?"

"दुकानासमोरची खाणावळ देते करून. विचारलंय मी."

"म्हणजे ठरवूनच आलायस."

"रिकामा डबा मला मिळाला होता," सून मधेच म्हणाली. "तक्रार करायची तर मी करायची. माझी काही तक्रार नाही."

मोठ्याने तिच्याकडे बघितलं, मग बापाकडे. "बरं. पण आणखी एक चूक झाली ना, की बंद. मग कोणी रदबदली करायची नाही."

जुळारी उठून घासलेले डबे पुसायला लागले. दिवसातलं तेवढंच एक काम त्यांच्या हाती होतं. ते गेल्यावर सकाळी उठायचं कशासाठी, हे त्यांना कळत नव्हतं, आणि ते मुलाला सांगण्यासारखंही नव्हतं.

बुधवारी पहाटेपासून पाऊस लागून राहिला होता. तीन डबे भरून टेबलावर मांडले आणि छताच्या सांध्यातून पाणी गळायला लागलं, ते नेमकं टेबलाच्या अलीकडच्या कडेवर. जुळाऱ्यांनी खाली बादली लावली, डबे पुढे सारले, आणि वळसा घालून टेबलाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. तिकडूनच झाकणं लावली, डबे पिशव्यांत घातले, पिशव्या खुंट्यांना अडकवल्या. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, थांबा, इकडून बघितलं तर डावं ते उजवं झालं. जुळाऱ्यांच्या डोळ्यांना एकेचाळीस वर्षं उलटंच वाचायची सवय. उलटं झालेलं त्यांना उलटं वाटलंच नाही.

तिघं आपापल्या खुंटीवरची पिशवी घेऊन छत्र्या उघडत बाहेर पडली.

साडेअकराला जुळारी चहा घेऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसले आणि समोर टेबलाच्या उजव्या टोकाला लिंबाच्या फोडींची डबी दिसली. धाकटीला लिंबाशिवाय घास उतरत नाही. डबी तिच्या डब्याला टेकून ठेवली होती, पिशवीत टाकायची राहून गेली. एवढंच ना, असं म्हणून ते उठणार होते. तेवढ्यात आठवलं, या डबीजवळचा डबा उचलून आपण पहिल्या खुंटीला अडकवला. पहिली खुंटी मोठ्याची.

चहा तसाच राहिला. मधला डबा बरोबर गेला, दोन टोकांची अदलाबदल झाली. जुळाऱ्यांनी छत्री घेतली, डबी खिशात घातली आणि निघाले.

आगार जवळ होतं, तरी पोचेपर्यंत चपलांत पाणी पचपचायला लागलं. धाकटीच्या खिडकीमागे ओल्या छत्र्यांचा ढीग पडला होता. पावसात लोक छत्री घेऊन बसमध्ये चढतात आणि उन्हाची तिरीप आली की तशीच सोडून उतरतात.

"काका, रंग कोणता? मूठ कसली?" खिडकीवरच्या दुसऱ्या बाईने विचारलं.

"छत्री नाही हरवली. डबा हवाय."

"अगं, हे बाबा माझे," धाकटी आतून म्हणाली. "काय झालं? एवढे भिजलात कशाने?"

जुळाऱ्यांनी सांगितलं. तिने पिशवीतून डबा काढला, बोट बुडवून चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. "अळणीच आहे. धाकटीचा मोठ्याला गेला. बाबा, तुम्ही तर अक्षरशः ध चा मा केलात."

"हसू नको. एक वाजता तो जेवायला बसेल."

"मग गुपचूप बदलून या. दुकानात मागच्या खोलीत खिळ्याला पिशवी असते त्याची. मी तोंडातून ब्र काढणार नाही."

"आणि तू काय खाशील?"

"मला काय धाड भरलीय? चहा-बिस्किटं आहेत. लिंबू तेवढं ठेवा, चहात पिळीन."

तिने बापाला पाच नंबरच्या बसमध्ये बसवून दिलं. रंगाच्या दुकानात ते पोचले तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती. मोठा गिऱ्हाइकाकडे तोंड करून उभा होता. एका बाईला भिंतीचा पिवळा कालच्यासारखा हवा होता आणि कालचा कसा होता ते तिला सांगता येत नव्हतं. जुळारी कडेने मागच्या खोलीत गेले. पिशवी खिळ्याला होती. डबा काढला, दुसरा घातला. झालं. कोणी बघितलं नव्हतं. आता मागच्या दाराने निघून गेलं की रविवारची अट जागच्या जागी राहिली असती आणि त्यांचं कामही.

जुळारी दाराशी गेले आणि थबकले. छापखान्यात चूक छापून गेली तर ती दडवायची रीत नव्हती. शेवटच्या पानाला शुद्धिपत्र चिकटवायचं. कित्येक शुद्धिपत्रं त्यांनी स्वतःच्या हाताने जुळवली होती, आणि त्यातल्या बऱ्याच चुका त्यांच्याच होत्या. शिवाय मुलापासून लपलं, तरी ज्याच्यापुढे रोज सकाळी हात जोडतो त्याच्यापासून काय लपणार होतं? फळीवर रंगाच्या नमुन्यांचे कागद पडले होते. त्यांनी एक फिका निळा उचलला, पाठीमागे लिहिलं आणि डब्यावर ठेवला.

पहिली खुंटी. अशुद्ध: धाकटीचा डबा. शुद्ध: मोठ्याचा डबा. चूक जुळाऱ्याची.

मग ते पावसात बाहेर पडले. धाकटीचा डबा तिला परत नेऊन दिला तेव्हा दोन वाजत आले होते. ती म्हणाली, "बदललात?" ते म्हणाले, "बदलला आणि सांगितलंही." धाकटीने कपाळाला हात लावला.

संध्याकाळी मोठा आला तो तडक मोरीत जाऊन पाय धुऊन आला. सून लसूण सोलत होती. जुळारी खुर्चीत बसून होते, आपली शिक्षा काय ते आपणच विचारावं की वाट बघावी, या विचारात. मोठ्याने निळा कागद खिशातून काढून टेबलावर ठेवला.

"हे मी जेवायच्या आधी वाचलं," तो म्हणाला. "दुकानातल्या तिघांनीही वाचलं. एक जण विचारत होता, यांना घरी बोर्ड लिहायचं काम देऊ का."

"मग? बाहेर जेवणार का उद्यापासून?" जुळाऱ्यांनी विचारून टाकलं.

मोठ्याने टॉवेलने हात पुसले. "तिथे चूक झाली तर कोण एवढ्या पावसात सांगायला येणार आहे?" तो म्हणाला. "डबे तुम्हीच भरा. फक्त झाकणं लावू नका. आम्ही निघताना आत बघू आणि आपापलं झाकण लावून नेऊ."

जुळाऱ्यांना ते लागलं थोडं. झाकण दाबून बसवणं हा कामातला शेवटचा हात, आणि तोच गेला. पण छापखान्यात तरी जुळाऱ्याच्या हातून मजकूर थेट यंत्रावर कधी गेला होता? मधे प्रुफं वाचणारा असायचाच, आणि त्यात कोणी अपमान मानत नसे.

"बरं," ते म्हणाले. "झाकणं कुठे ठेवू?"

"ज्याच्या त्याच्या डब्याशेजारी."

"डावीकडे की उजवीकडे?"

सुनेने लसणाची पाकळी खाली टाकली आणि तोंडाला पदर लावला. मोठा गंभीर चेहऱ्याने उत्तर द्यायला गेला, पण त्यालाही हसू आवरलं नाही.