हौसाचं उत्तर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी न घडलेल्या गोष्टीसुद्धा सांगतो! माझा चिंचोक्यांचा किस्सा तुम्ही ऐकला असेल. सातारा-सांगलीकडच्या मास्तर मंडळींत तो न ऐकलेला माणूस सापडणं कठीण. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या फाट्यावर, कुठंही चार जण जमले की कुणीतरी म्हणतंच, "गुरुजी, हौसा होऊन जाऊ द्या." मग मी टोपी मागं सारतो, परकर सावरल्यासारखं करतो, नाक वर ओढतो — आणि हौसा होतो.

मोठा दुष्काळ सरल्यानंतरची ही गोष्ट. रहिमतपूरजवळच्या एका गावात माझ्याकडं तिसरीचा वर्ग होता. पोरं सगळ्या मापांची. काहींना पाढा एकदा ऐकला की पाठ, काहींना बेरजेचं चिन्ह बघूनच तहान लागायची. एकच धडा सगळ्यांना कसा बसणार? म्हणून मी तीन गट केले. पहिल्याला फळ्यावरची अवघड गणितं, मधल्याला पाटीवरची सोपी, आणि तिसऱ्याला — चिंचोके. मांडा, मोजा, काढा. खरं सांगू? हा तिसरा गट माझा लाडका. तिथं मला मांडी ठोकून पोरांत बसता यायचं.

हौसा त्या गटातली. बाप पलटणीत हवालदार. काही विचारलं की ही आधी स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघायची, जणू उत्तर तिथं लिहिलंय. वजाबाकी तिला काही केल्या उमगेना. एके दिवशी मी तिला दहा चिंचोके घरी नेऊ दिले. यातले चार काढ, उरतील ते मोज, उद्या सांग.

किस्सा असा आहे — दुसऱ्या दिवशी मी विचारतो, किती उरले? हौसा म्हणते, "एक बी न्हाई, गुरुजी! आईनं भाजलं, आमी समद्यांनी खाल्लं. तुमास्नी आणणार व्हते, पर आज्यानं दात नसून बी दोन चघळलं!"

हसलात ना? हसतातच सगळे. पण हे ती म्हणालीच नाही.

दुसऱ्या दिवशी हौसा माझ्याजवळ आली, मूठ उघडली, आणि मी विचारायच्या आधीच म्हणाली, "सा." सहा. अंगठ्याकडं न बघता! मला इतका आनंद झाला — काय सांगू? — मी तिला खडूची अख्खी कांडी बक्षीस दिली. ती तिनं दिवसभर हातात धरून ठेवली, लिहिलं काहीच नाही.

मग मी ते उत्तर का बदललं?

त्याच आठवड्यात शिक्षकांची बैठक होती. गट करून कसं शिकवतो, ते मला सांगायचं होतं. गट सांगितले, चिंचोके सांगितले. समोर जांभया. मागं कुणी तंबाखू मळतोय. आता 'सहा' म्हणून थांबायचं? बरोबर उत्तराला कोण हसतं हो? — आणि तोंडातून आलंच, "एक बी न्हाई, गुरुजी!" सभा लोळली. साहेब डोळे पुसत होते. निदान नाव तरी बदलायचं! तेही नाही. हौसा — नाव कसं ठसक्यात घेता येतं.

किस्सा बाजारात गेला, बाजारातून गावात. दिवाळीनंतर हौसा शाळेत यायची थांबली. आईचा निरोप आला — हिचे वडील सुट्टीवर आलेत, म्हणतात, पोरीला डोकं न्हाई, खुद्द गुरुजीच चारचौघांत सांगत्यात, मग शाळा कशाला?

मी गेलो. खरंच गेलो. वाटेनं वाक्य घोकत होतो — हवालदार, ते मी रचलं, पोरीचं उत्तर बरोबर होतं. सोपं आहे की नाही? दारात पोचलो, तर आत कडेगावचे पाहुणे. हवालदार उठलेच. "आवं या, या! पावणं, हेच ते गुरुजी. आता हेंच्याच तोंडनं ऐका!"

तुम्हाला वाटेल, माझी जीभ अडखळली असेल. छे! इतका तो किस्सा कधी रंगला नव्हता. पाहुणे मांड्यांवर थापा मारत होते. हौसा चहाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती — कप हिंदकळू नयेत म्हणून दोन्ही हात ताठ. बापानं मायेनंच विचारलं. लेकीवर जीव होता त्यांचा. "व्हय गं हौसे, समदं खाल्लंस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. खरं काय ते तिला ठाऊक होतं आणि मला. एवढीशी पोर — सगळ्यांदेखत मला खोटं पाडणं तिच्या हातात होतं. तिनं मान हलवली. म्हणाली, "व्हय."

मी चहा प्यालो. छान झालाय, असंही म्हणालो. 'तिला शाळेत पाठवा' — हे काही म्हणालो नाही. ती परत आली नाही.

पुढं सांगलीला शिक्षकांचा मेळावा झाला, तिथं मी किस्सा पुन्हा सांगितला. शेवटाला थोडी भर घातली. बाप विचारतो, आणि हौसा ताठ उभी राहून मान हलवते — व्हय. लोक आधीपेक्षा जास्त हसले. तेव्हापासून मी तो तिथंच संपवतो.