धर्माचा रकाना

बारावीला होते तेव्हा माझ्या भवितव्याची काळजी माझ्यापेक्षा नांदेडच्या कॉलेजातल्या गणिताच्या सरांना जास्त होती. मी केंद्र सरकारच्या मोठ्या इंजिनिअरिंग संस्थेत जावं, हा ध्यास त्यांचा. त्यासाठी देशभरातली पोरं एकच परीक्षा द्यायची. आमच्या भागातून तिथे गेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यात मुलगी एकही नाही. दर रविवारी सकाळी सर मला घरी बोलावून पेपर सोडवून घ्यायचे. उत्तर चुकलं तर चालायचं, आळसानं पायरी गाळली की खडू फेकून मारायचे. नेम वाईट होता, म्हणून मी वाचले.

फॉर्म आला तेव्हा सरांनी तो आधी स्वतः वाचला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी घरातले देव काढले त्याला तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली असतील. राज्य सरकार आम्हाला सवलत द्यायचं, पण केंद्राच्या यादीत आम्ही नव्हतो. बौद्ध झालात म्हणजे तुमची जात संपली, असा दिल्लीचा हिशोब. दाखल्यावर जुनी जात आणि धर्म हिंदू असेल तरच राखीव जागा.

"एका शब्दाचा प्रश्न आहे," सर म्हणाले. "घरात काय मानायचं ते माना. कागदावर हिंदू लिहून आण. बरेच जण आणतात. नंबर लागण्याची शक्यता किती वाढते, तुला कळतंय का?"

मला कळत होतं. गणित माझं चांगलं होतं.

दाखल्यासाठी चाकूरजवळच्या आमच्या गावी गेले. त्या साली लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. गावात टँकर यायचा. आधी गावातल्या घागरी भरायच्या, मग टँकर आमच्या वस्तीकडे वळायचा, तोवर तळाचा गाळ उरलेला असायचा. मी घागर घेऊन उभी राहिले आणि डोकं तापलं. दिल्लीला वाटत होतं की आमची जात संपली. टँकरच्या नळाला कुणी ही बातमी कळवली नव्हती.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते गावातल्याच शाळेत शिक्षक. जूनमध्ये पहिलीची नावं घालताना हेडमास्तर वस्तीतल्या पोरांपुढे सवयीनं 'हिंदू' लिहून टाकायचे. मग दादा रजिस्टर मागून घ्यायचे, घरोघर फिरून आईबापांच्या सह्या, अंगठे आणायचे आणि प्रत्येक नावापुढे 'बौद्ध' अशी दुरुस्ती करून घ्यायचे. दर जूनला तेच. त्यापायी दोनदा त्यांची लांब बदली झाली. परत आल्यावर त्यांनी पहिलं काम तेच केलं.

तेव्हा सरांचा सल्ला सांगितला की दादा भडकतील, अशी माझी खात्री होती. ते भडकले नाहीत. एवढंच म्हणाले, "उद्या जाऊ तहसीलात."

तहसीलातला कारकून भला माणूस होता. टेबलावर जुन्या जिल्ह्याचे शिक्के अन् नव्या जिल्ह्याचे कागद यांचा नुसता गोंधळ होता. त्यानं जात लिहिली, साहेबांची सही आणली आणि धर्माचा रकाना कोरा ठेवला. "मास्तर, हे तुमचं तुम्ही भरा. मी काय बघितलं न्हाई," एवढं बोलून त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर येऊन दादांनी ओट्यावर कागद पसरला. खिशातलं पेन काढलं. त्यांचं अक्षर सुंदर होतं, आसपासच्या शाळांतले मास्तर त्यांच्याकडून तक्ते लिहून घ्यायचे. पेनाचं टोक त्यांनी धर्माच्या रकान्यावर टेकवलं.

"दादा, काय करायलात?"

"एका शब्दानं काय होतंय? तुझं भलं होईल."

मी कागद हिसकावला. कोपरा फाटला. येणारे-जाणारे थांबून बघू लागले आणि मी ओरडले, "माझी परीक्षा हाय ना? मग मी भरते!" मी 'बौद्ध' लिहिलं. अक्षर घाणेरडं आलं, पण वाचता येत होतं.

त्या दाखल्याचा केंद्राच्या फॉर्मला काही उपयोग नव्हता. तो मी सर्वसाधारण गटातून भरला. सरांनी दोन रविवार माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या रविवारी निरोप आला, ये म्हणून. "हट्टी आहेस, मग आता दुप्पट अभ्यास कर," म्हणाले. केला. नांदेडच्या वसतिगृहातल्या नळाला पाणी नसलं तरी केला, ताप अंगावर काढून केला. ज्यांनी हिंदू लिहिलं त्यांना मी तेव्हाही नावं ठेवली नाहीत, आजही ठेवत नाही. त्यांना त्या कोपऱ्यात कोंडलं कुणी, ते मला माहीत आहे.

माझा नंबर लागला नाही. थोडक्यात हुकला. राखीव गटातून नक्की लागला असता, असं सर म्हणाले आणि उठून आत गेले. मी त्या दिवशी गोदावरीच्या घाटावर बसून मनसोक्त रडले. वाईट वाटलं नाही असं कुणी लिहीत असेल तर खुशाल लिहो. मला फार वाईट वाटलं.

बारावीच्या गुणांवर औरंगाबादच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात राज्याच्या सवलतीतून प्रवेश झाला, बौद्ध म्हणूनच. निघायच्या सकाळी दादा चाकूरच्या एस.टी. स्टँडवर सोडायला आले. गाडी लागली तरी ते ट्रंक सोडेनात.

"पोरी, त्या दिवशी तू कागद ओढला नसतास, तर मी लिहिलं असतं."

"माहीत आहे."

"तुझ्यासाठी लिहिलं असतं गं."

"माहीत आहे, दादा," मी म्हटलं. "म्हणूनच ओढला."