स्फोट झाला, बाबांना सांग

"आजी, स्फोट झाला! बाबांना सांग..."

एवढंच ऐकू आलं आणि नातीचा फोन कटला. मी परत लावला. लागेना.

माझा मुलगा मोरिवलीला लागून असलेल्या केमिकल कंपनीत पहिल्या पाळीला गेला होता. तिथं मोबाइल आत नेऊ देत नाहीत, गेटवरच जमा करून घेतात. म्हणजे त्याला विचारायची सोय नव्हती. नात बदलापूरला कॉलेजात. तिला ही बातमी आमच्या आधी कशी कळली, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्या गावात स्फोट या शब्दाला एकच अर्थ आहे. मुलाचा बाप तसाच गेला.

मी गॅस बंद केला, पदर बादलीत बुडवून नाकाला लावला आणि निघाले. वायू सुटला तर ओला पदर धरायचा, हे इथल्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही. शेजारीण दारात मिरच्या वाळत घालत होती.

"पदर कशाला गं भिजवलास?"

"कंपनीत स्फोट झाला."

"मला तर आवाज नाय आला."

"टीव्हीपुढं तुला कधी काय ऐकू येतं?"

तिला राग आला, पण तिचा दीर त्याच कंपनीत. तिनंही पदर भिजवला. आम्हाला बघून वाटेत आणखी बायका आल्या. गेटशी पोचेपर्यंत घोळका झाला. धूर कुठंच नव्हता. मला त्याचीच जास्त भीती वाटली. धूर दिसतो, वायू दिसत नाही.

गेटवरचा वॉचमन उठून उभा राहिला. "क्या अम्मा, मोर्चा है क्या?"

"कुठल्या प्लांटला ब्लास्ट झाला ते सांग."

"कौनसा ब्लास्ट? सब चालू है."

"खोटं बोलू नको. माझ्या मुलाला बाहेर आण."

त्यानं आत फोन लावला. मी शेडकडे बघत उभी राहिले. सगळं ठीक आहे, या बोलण्यावर माझा विश्वास नाही. मागच्या वेळी शेडमधून थोडा धूर येत होता, तेव्हाही गेटवरचा माणूस 'काही नाही' म्हणाला होता.

मुलगा आला. हेल्मेट काखेत, हात कोपरापर्यंत निळे. तिथं कापडाचे रंग बनतात.

"आई! घरी काय झालं?" तोच घाबरला होता.

मी त्याचा एक हात हलवून बघितला, मग दुसरा. धड होता. मग मात्र मी वॉचमनच्या स्टुलावर बसले.

त्यानं मोबाइल घेऊन पोरीला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"बाबा, तारा फुटला! सुपरनोव्हा! आम्ही दुर्बिणीतून फोटो काढला होता, सर आत्ता म्हणाले की तोच आहे. तुम्ही म्हणायचात ना, इथल्या धुरात काय दिसणार? दिसला!"

मी मोबाइल ओढून घेतला. "मग सुपरनोव्हा म्हणायचं होतंस."

"तुला काय कळलं असतं, आजी?"

"काही नाही. म्हणून तर घरी बसले असते."

बायका हसायला लागल्या. शेजारणीनं पदर पिळला. "तारा फुटला म्हणे! आणि माझ्या मिरच्या गाईनं खाल्ल्या असतील." वॉचमननं मला पाणी दिलं. चांगला माणूस आहे, उगाच बोलले त्याला.

रविवारी नात घरी आली. आधी माझ्या पायाशी बसून राहिली, मग फोटो दाखवला. मोरीच्या भोकाशी पाणी फिरतं तसं काहीतरी पांढुरकं. त्याला सर्पिल दीर्घिका म्हणतात. त्यात सूर्यासारखे अगणित तारे आहेत, पण लांब इतकी की तिथला उजेड इथं यायला कोट्यवधी वर्षं लागतात. कडेला एक ठिपका होता. तो फुटलेला तारा.

"म्हणजे कधीचा गेलाय तो."

"हो. आपल्याला आत्ता कळलं. आणि या दीर्घिकेत याआधीही फुटलेत, लोकांनी पाहिलेत."

"तिथंही केमिकल झोन आहे वाटतं."

ती खूप हसली. तारा दिसल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या, असं म्हणाली.

"तिथं जवळपास कोणी राहत होतं का?" मी विचारलं.

तिचं हसणं थांबलं. "माहीत नाही, आजी. कोणालाच माहीत नाही."

मग टाळ्या कशाला, हे तोंडावर आलं होतं. पण पोर आनंदात होती. तिनं फोटो बंद केला आणि हळूच विचारलं, "तुझ्या वेळचा स्फोट कसा होता?"

आमच्या घरात हे कोणी विचारत नाही. मुलगा उठून बाहेर जाईल असं वाटलं. तो बसून राहिला.

मी सांगितलं. मी डबा घेऊन गेटवर उभी होते. शेड उडाली. तुझा आजोबा आत होता, तो गेला. मी वाचले. तुझा बाप माझ्या पोटात होता, तोही वाचला.