वीस हाती सोपा

हसन मिस्त्रीनं मला फसवलं. घराचा दर्शनी सोपा वीस हाती कबूल केला आणि सतरासुद्धा भरणार नाही असा बांधून दिला. हे साऱ्या घोडेगावानं पाहिलं, तेही पत्रावळीवर बसून!

मी दोरांचा व्यापारी. खांद्यावर चार कासरे टाकून बैलबाजारात उन्हात उभा राहायचो, तिथून स्वतःच्या दुकानापर्यंत आलो तो कुणाच्या मेहेरबानीनं नाही, घासाघिशीच्या जोरावर. माझा नेम एकच. दोर वळणाऱ्याकडून घेताना त्याच्या हातानं मोजून घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला देताना माझ्या हातानं मोजून द्यायचा. (माझी उंची बेताची आहे. हातही बेताचाच. याहून जास्त आत्ताच विचारू नका.) लढाई सुरू झाली, दोराला भाव आला आणि मी घर बांधायला काढलं.

घाई होती ती थोरल्या शेवंतासाठी. श्रीगोंद्याच्या आबांचा मुलगा आम्हाला पसंत होता. उसाचं रान, दोन विहिरी, माणसं सरळ. फक्त आबांचा होकार यायचा होता. मी फुशारकीनं सांगून बसलो, "सोपा वीस हाती आहे आबा! एका ओळीत पंधरा पानं बसतात."

"मंग वास्तुशांतीला येतो की," आबा म्हणाले. "बसूनच बघू!"

हसन मिस्त्री मूळचा खर्ड्याकडचा. पायाची आखणी करायला आला तो लाकडी गज घेऊन. गज पाहताच माझं डोकं तडकलं. लाकूडच ते, टोकाला चार बोटं तासलं तर कुणाला कळतंय?

"मिस्त्री, तुझा गज ठेव पिशवीत. मोजायचं ते माझ्या हातानं!"

"मालकाच्या हातानं मोजायचा रिवाज हायच, तात्या," तो शांतपणे म्हणाला. "पर तुमी इचार करा."

"केला!"

"आनखी एकदा करा."

"मला शिकवतोस? व्यापार कोण करतं, तू का मी?"

"तिसऱ्यांदा सांगतो, तात्या, गजानं मोजलं तर तुमचाच फायदा..."

फायदा हा शब्द समोरच्याच्या तोंडून आला की मी सावध होतो. मी सुतळी काढली, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ताणली, तोडली आणि त्याच्या अंगावर फेकली. तीच त्यानं डोळ्यांना लावून पिशवीत ठेवली. मला वाटलं, वठणीवर आला!

वास्तुशांतीच्या दिवशी पहिली पंगत बसली. मी दाराशी मिशीला पीळ देत उभा. दहा पानं बसली, अकरा बसली, बारावं पान भिंतीला टेकलं. तीन पाहुणे उभेच राहिले आणि त्यांत मधोमध खुद्द आबा!

"सरका जरा, सरका!" मी ओरडलो.

"कुठं सरकू, भितीत?" बारावा म्हणाला. (त्याची एक मांडी आधीच भिंतीवर चढली होती.)

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हसन मिस्त्री ओट्यावर पान खात बसला होता. मी त्याला दंडाला धरून आत आणला. "चोरा! तीन हात सोपा खाल्लास! पंचांसमोर बोल!"

मिस्त्रीनं पिशवीतून माझी सुतळी काढली आणि भिंतीच्या कडेनं मोजत निघाला. पाहुणे पत्रावळी उचलून वाट देऊ लागले. सारी पंगत मोठ्यानं मोजायला लागली, "अठरा... एकोनीस... ईस!" सुतळी भिंतीला बरोबर भिडली. नंतर त्यानं अदबीनं माझा हात मागितला आणि सुतळी त्यावर ठेवली. बरोबर. मग ती आबांच्या हातावर ठेवली.

चार बोटं कमी.

वाढपी थांबले. तेवढ्यात माजघराच्या दारातून आमची मंडळी म्हणाली, "मी लगीन झाल्यापास्नं सांगतीया, ह्यांच्या सदऱ्याच्या बाह्या दुमडाव्या लागत्यात!"

कुणीतरी फिसकन हसलं. आबा हसले नाहीत. ते सुतळीकडे एकटक बघत होते.

"तात्या, आमच्या मोटंचा नाडा तुमच्याकडनंच नेल्ता न्हवं? चाळीस हाताचा?"

मी घाईनं बाह्या खाली ओढल्या.

"त्यो लावल्यापास्नं मोट पान्याला टेकंना. आमी म्हनलं, पानी खाली गेलं. तीन वरसं मी इंद्राला शिव्या देतुया!"

"व्हय की!" कोपऱ्यातून आवाज आला. "माझा कासरा बी बैलाच्या शेपटापतुरच येतो!" मग पंगतीत कासरे, दावी, चऱ्हाटं यांचीच चर्चा सुरू झाली. बुंदी तशीच पडून राहिली. मी मान खाली घालून उभा होतो, दोन्ही हात पाठीमागे लपवून.

हात आखूड आहे हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? विकताना रोज ठाऊक होतं. उभ्या जन्मात एकच वस्तू स्वतःच्या हातानं मोजून घेतली, ते हे घर. आणि नेमकं तेव्हाच विसरलो.

शेवंता चुलीपाशी तोंड झाकून बसली होती. आबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरीचा काय दोष? लगीन करू. पर मांडव आमच्या दारी, आनि आखनी हसन मिस्त्रीच्या गजानं." त्या महिन्यात मी बाजारभर तुटीचे तुकडे वाटत फिरलो. नाड्यांना, कासऱ्यांना गाठी मारून दिल्या, त्याही माझ्याच हातांनी.

इतकी वर्षं झाली, अजूनही सोप्यात पाय पसरले की माझ्या टाचा समोरच्या भिंतीला लागतात (रुंदीही त्याच सुतळीची!) आणि राग येतो तो त्या हसन मिस्त्रीचाच. मी कसा माणूस आहे हे त्याला चांगलं माहीत होतं. मग तीनदाच सांगून तो गप्प का बसला? चौथ्यांदा का सांगितलं नाही? याचा जबाब त्यानं दिलाच पाहिजे!