पार्किंगमधली पावभाजी

उघड्यावर स्वयंपाक करू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. माणसाने स्वयंपाकघर शोधून काढलं ते काही हौस म्हणून नव्हे.

आम्ही ल्यूकनला राहतो. आमची कन्या इरा बारा वर्षांची, आणि इथलं, आयरिश लोकांचं गेलिक फुटबॉल नावाचं प्रकरण खेळते. (हातानेही खेळतात, पायानेही. नियम मला अजून कळलेले नाहीत. बाकीचे टाळ्या वाजवतात तेव्हा मी वाजवतो.) शनिवारी मॅच संपली की पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीची डिकी उघडते आणि पोरींना सँडविच, चहा मिळतो. घरटी पाळी असते. आमची पाळी आली तेव्हा मी क्लबच्या ग्रुपवर लिहून मोकळा झालो : "गरमागरम पावभाजी, सगळ्यांना!"

इराने फोन माझ्या नाकासमोर धरला.

"बाबा, व्हाय? जस्ट ब्रिंग सँडविचेस. लाइक नॉर्मल पीपल."

"अगं, कुडकुडणाऱ्या पोरींना जरा गरम..."

"डोन्ट एम्बॅरस मी. प्लीज!"

ते 'प्लीज' मला लागलं. या पोरीने इथे स्वतःच्या जिवावर मैत्रिणी जोडल्या होत्या. बापापायी तिला त्यांच्यासमोर मान खाली घालायला लागू नये, एवढंच मला हवं होतं. शहाण्या माणसाने तिथेच ब्रेड आणला असता. मी शेगडी निवडायला बसलो.

मी कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. आमच्याकडे साधा स्क्रू बदलायचा तरी मीटिंग लागते, त्यामुळे बाहेर न्यायची शेगडी म्हणजे माझ्या दृष्टीने प्रकल्पच! पहिली शेगडी घेतली ती वजन बघून. डोंगर चढणाऱ्या लोकांची, खिशात मावणारी. तिच्यावर आमची कढई ठेवली तर खालची शेगडी दिसेनाशीच झाली, आणि मग कढई सावकाश एका अंगावर कलली.

"चहाला बरी आहे," मंजिरी म्हणाली. मंजिरी म्हणजे माझी बायको. "एका माणसाच्या. तोही एकटा राहणारा हवा."

दुसरी घेतली कोळशाची. मागच्या अंगणात पेटवली, पाऊस आला. पाऊस थांबला, पुन्हा पेटवली. पाऊस पुन्हा आला. शेजारचे आजोबा कुंपणावरून बघत होते. "ग्रँड डे फॉर इट!" असं म्हणून ते घरात गेले.

मग मी अभ्यास वाढवला. ब्युटेन थंडीत ढेपाळतो, प्रोपेन टिकतो. वारा अडवायला पत्रे हवेत. भांडं घसरू नये म्हणून जाळी रुंद हवी. कुण्या एका दाढीवाल्याचे बर्फात भात शिजवण्याचे सगळे व्हिडिओ मी पाहिले. त्या दिवसांत मी मंजिरीचं जेवढं ऐकलं त्याहून त्याचं जास्त ऐकलं. शेवटी एक ब्रीफकेससारखी बंद होणारी, दोन बर्नरची, स्टीलची शेगडी आली. झाकण उघडलं की तेच मागची भिंत, बाजूला दोन पत्रे. आरशासारखी चकचकीत! तिच्या अंगभर पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा होता.

"तो काढ आधी," मंजिरी म्हणाली.

"राहू दे. चरे पडतील."

(आमच्या टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. फ्रिजच्या दारावरचं प्लॅस्टिक तो फ्रिज मोडीत गेला तेव्हा त्याच्याबरोबरच गेलं. आम्ही वस्तू विकत घेतो ती वापरायला नव्हे, नवी ठेवायला.)

शनिवार उजाडला. भाजी मंजिरीने घरूनच करून आणली होती, मला फक्त गरम करायची होती. फक्त! मैदानात इरा धावत होती आणि पार्किंगमध्ये मी काडी ओढत होतो. वारा असा की चौथ्या काडीला शेगडी पेटली. मी दोन्ही बर्नर पूर्ण सोडले, पातेलं ठेवलं आणि हात पाठीमागे बांधून, आचाऱ्यासारखा उभा राहिलो.

वाऱ्याने ज्योत मागच्या भिंतीवर लोटली. पापुद्रा आधी आक्रसला, मग सुटला, मग त्याचे काळे थेंब भाजीत पडू लागले. असा वास सुटला की मॅच थांबली. खरोखर थांबली! दोन्ही संघ आमच्या डिकीकडे बघत होते.

"यू ग्रँड देअर?" लांबून कोच फर्गल ओरडला. (इथे 'ग्रँड' म्हणजे नुसतं 'ठीक'.)

"ग्रँड, ग्रँड!" मी धुरातून म्हणालो.

फर्गलचा विश्वास बसला नाही. तो क्लबहाउसमधून आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन धावत आला आणि मी काही बोलायच्या आत त्याने शेगडी, भाजी आणि माझं जॅकेट पांढरं करून टाकलं.

मॅच संपली. भुकेल्या पोरी आल्या आणि डिकीभोवती गोल करून उभ्या राहिल्या. इरा लालबुंद झाली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेगडी, पत्रे, प्रोपेन, सगळं जी एक गोष्ट टाळण्यासाठी केलं होतं, तीच मी सगळ्या गावासमोर केली होती.

"इज दॅट द डिनर?" इराच्या एका मैत्रिणीने विचारलं.

इराने माझ्याकडे पाहिलं. मग मागच्या सीटवरून पावाची पिशवी, लोणी आणि कांदा-लिंबाचा डबा काढला. एक पाव फाडला, लोणी थापलं, कांदा भरला, लिंबू पिळलं.

"नो. धिस इज. दे ईट इट कोल्ड इन पुणे," ती शांतपणे म्हणाली आणि मोठा घास घेतला.

पोरी तुटून पडल्या. "लव्हली!" म्हणाल्या. माझे डोळे भरून आले. (पावडरमुळे, असं मी मंजिरीला सांगितलं.) पोरीने पुण्याच्या नावावर एवढी मोठी थाप मारली ती माझ्यासाठी, आणि जाता जाता माझी बाही झटकून म्हणाली, "इट्स फाइन, बाबा. जस्ट डोन्ट टॉक टू एनीवन."

तेवढ्यात त्या मैत्रिणीची आई पाव खात आमच्याकडे आली. पांढऱ्याफटक शेगडीकडे तिने एकदा पाहिलं आणि इथल्या माणसांच्या त्या जीवघेण्या सभ्यपणाने विचारलं, "आम्हीही कॅम्पिंगला निघालोय. कुठली शेगडी घ्यावी? तुम्हाला यातलं बरंच कळतं वाटतं."

तिच्यामागून इरा जोरजोरात मान हलवत होती. मंजिरीने माझा दंड धरला. मी एक खोल श्वास घेतला.

"हे बघा," मी म्हणालो, "आधी ब्युटेन की प्रोपेन, हे ठरवावं लागेल."