परातीतला समुद्र

सुनेनं आज कपड्यांसाठी बादलीत नीळ टाकली आणि मला माहेरच्या गावचं, कळसाडीतलं कुंभाराचं अंगण आठवलं. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. माझा थोरला भाऊ मुंबईत गणित शिकत होता. सुट्टीत घरी आला, की नकाशावर समुद्राचे चौकोन पाडून कुठल्या चौकोनातलं पाणी कुठे वाहील, याची आकडेमोड करत बसायचा. वडिलांना तो कापसाच्या शेतात हवा होता.

"समुद्र इतला दूर, तू आठे बसीन काय हिशोब करी ऱ्हायना? आते शिकनं बस कर," ते म्हणाले.

भाऊ त्यांना कुंभाराकडे घेऊन गेला. मीही मागोमाग गेले. त्यानं चाकावर पाण्याची परात ठेवून हळूच फिरवली, थेंबभर नीळ सोडली आणि फुंकणीनं सरळ फुंकर घातली. निळी रेघ वळत वळत गेली.

"वारा सरळ शे, पन धरती फिरस, म्हनीसन पानी वळस. तेच मी कागदवर मांडी ऱ्हायनू."

वडील वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "जाय, शिक. कापूस मी देखी लेसू."

तेव्हा मला भावाच्या हुशारीचंच कौतुक वाटलं होतं. आज वडिलांचं जास्त वाटतं. त्यांनी समुद्र जन्मात पाहिला नव्हता, तरी त्याच्यासाठी हाताशी आलेला मुलगा सोडला.