माझा मिटिऑरिक राईज

खंडेनवमीला आमच्या गणवेशाच्या कारखान्यात मशीन बंद असतात. प्रत्येक मशीनला झेंडूची माळ, हळदकुंकू, पुढे नारळ. यंदा पूजा झाल्यावर मालकांच्या मुलानं माइक हातात घेतला. तो पुण्याला शिकून आलेला, मराठी बोलता बोलता त्याची गाडी इंग्रजीवर जायचीच. त्यानं मला पुढे बोलावलं आणि जाहीर केलं, की ओव्हरलॉक मशीनवर बसणारी ही बाई दसऱ्यानंतर आमची सुपरवायझर. "धिस इज अ मिटिऑरिक राईज!"

सगळ्यांच्या आधी टाळ्या मीच वाजवल्या. अर्थ कुणाला ठाऊक होता! शेजारच्या मशीनवरच्या माझ्या मैत्रिणीनं कोपरानं ढोसलं, "म्हंजे काय गं?" मोबाइलवर बघून मी सांगितलं, झपाट्यानं वर जाणं.

"अगं बया, लेकरं लहान हायत की तुजी! एवढ्यात वर कुटं चाललीस?"

बायका हसून हसून लोळल्या. मीही हसले. पण खरं सांगते, ते दोन इंग्रजी शब्द माझ्या डोक्यात भिनले होते. घरी जाऊन नवऱ्याला ऐकवले, सासूबाईंना ऐकवले, दूधवाल्यालासुद्धा सोडलं नाही.

दसऱ्याची सुट्टी संपवून कामावर गेले. जेवणाच्या वेळी डबा घेऊन कटिंगच्या टेबलामागे आले. तिथं आम्ही ओव्हरलॉकवाल्या पेपर अंथरून गोल बसतो. सगळ्यांचे डबे मधोमध, आणि आपली भाजी आपण खायची नाही, असा आमचा जुना शिरस्ता. बायका आधीच बसल्या होत्या. बाजूला एक प्लास्टिकची खुर्ची पुसून ठेवलेली.

"बसा की मॅडम," मैत्रीण म्हणाली.

मला वाटलं, चेष्टा चाललीय. चप्पल काढून पेपरवर टेकायला गेले, तर कुणी सरकेचना. मग वाकून माझा डबा मधे ठेवला. मैत्रिणीनं तो उचलला आणि दोन्ही हातांनी मला परत दिला.

"डोकं फिरलंय का तुझं?" मी ओरडलेच.

"रागावू नका. आमचा शिवलेला पीस पास करायचा का न्हाई, ते आता तुमी ठरवणार. पास केला तर लोक म्हणतील, भाजी खाऊन केला. परत पाठवला तर आमीच म्हणू, भाजी खाऊन उलटली. त्यापेक्षा हे बरं की."

तुमी! हिच्या डोहाळजेवणात मी हिला माझ्या हातानं घास भरवलेत. पण ती चुकीचं बोलत नव्हती, तेच मेलं सहन होत नव्हतं.

शेवटी खुर्चीत बसले आणि डबा मांडीवर उघडला. खाली त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं, जरा हळू आवाजात. पहिला घास घेतला, तर वांग्याची भाजी खारट झाली होती. एरवी सगळ्यांनी मिळून माझा उद्धार केला असता. आज ती कुणी चाखलीच नाही, आणि मी ती सगळी भाजी गपचूप संपवली.